चेहरे जुळवणारी चकती

नमस्कार श्रोतेहो. बेळगाव शहर, खानापूर, निपाणी, चिकोडी, जिथं जिथं हा आवाज पोचतोय तिथल्या सगळ्यांना नमस्कार.

आज बोलायचंय जुन्या कॉम्प्युटर गेमांबद्दल. बंदुकांच्या नव्हे, गाड्यांच्या शर्यतीच्याही नव्हे. ॲडव्हेंचर गेम. पडद्यावर एक जागा दिसते, तिथं एक माणूस उभा असतो आणि आपण त्याला सांगायचं: हे उघड, ते उचल, याच्याशी बोल. कोडं सुटलं की गोष्ट पुढं सरकते. ल्युकासफिल्म गेम्स कंपनीच्या बहुतेक खेळांत चुकलं म्हणून कुणी मरत नाही. सिएरा कंपनीच्या खेळांत मात्र एक पाऊल वाकडं पडलं की संपलंच. मला पहिला प्रकार आवडतो. मुलांना निवांत विचार करायला शिकवायचं असेल तर मोबाईलवरच्या भरभर सरकणाऱ्या व्हिडिओंपेक्षा असं एक कोडं शंभर पटीनं बरं, हे मी कुठल्याही पालकसभेत उभं राहून सांगेन.

तर प्रश्न असा की हे खेळ आजच्या लॅपटॉपवर का चालत नाहीत? ते डॉससाठी, म्हणजे विंडोजच्या आधी कॉम्प्युटर चालवणाऱ्या जुन्या प्रणालीसाठी लिहिलेले, १६ बिटचे, म्हणजे जुन्या धाटणीच्या प्रोसेसरसाठीचे. आजचं विंडोज ६४ बिटचं, ते १६ बिटचा प्रोग्रॅम उघडतच नाही. शिवाय काही जुन्या खेळांची चाल प्रोसेसरच्या वेगावर बांधलेली असायची. नव्या मशीनवर त्यातलं पात्र वाऱ्यासारखं पळत सुटतं.

यावर उपाय आहे. नाव लिहून घ्या: स्कमव्हीएम. पुन्हा सांगतो, स्कमव्हीएम. जुने खेळ नव्या मशीनवर चालवणारं हे सॉफ्टवेअर. २००१ साली लुडविग स्ट्रिगियस आणि व्हिन्सेंट हॅम या दोघांनी ते सुरू केलं. ल्युकासफिल्मनं १९८७ च्या 'मॅनियाक मॅन्शन'साठी स्कम नावाची एक यंत्रणा बनवली होती आणि पुढचे कितीतरी खेळ तिच्यावरच उभे राहिले. या मंडळींनी ती यंत्रणा नव्यानं लिहून काढली. आता त्यात सिएराचे आणि इतरही अनेक कंपन्यांचे खेळ चालतात. पूर्ण फुकट आहे.

नाटक कंपनीचं बघा. अण्णासाहेब किर्लोस्कर आपल्याच जिल्ह्यातल्या गुर्लहोसूरचे. त्यांची कंपनी गेली, त्या वेळचे पडदे गेले, दिवे गेले. पण संहिता हातात आहे, म्हणून नवी मंडळी आजही त्यांची नाटकं उभी करतात. खेळाच्या मूळ फाइल्स ही संहिता, आणि स्कमव्हीएम ही नवी मंडळी. संहिता मात्र तुमच्याकडं हवी. हे लक्षात ठेवा: मूळ फाइल्स तुमच्याकडं हव्यात.

आता माझ्या मामांची गोष्ट सांगतो, कारण ती सांगितल्याशिवाय मला हा विषय पुरा झाल्यासारखा वाटणारच नाही.

मामा शहापूरचे. नोकरी जहाजावर. सुट्टीवर घरी आले की ट्रंकेत काय असेल याकडं आम्हा भाचरांचे डोळे लागलेले असायचे. एकदा सिंगापूरहून त्यांनी एक खोका आणला. 'द सीक्रेट ऑफ मंकी आयलंड', १९९० चा खेळ, २५६ रंगांचा. खोक्यात फ्लॉप्या होत्या, म्हणजे खेळ साठवलेल्या चौकोनी डिस्क, आणि पुठ्ठ्याची एक चकती होती. खरं तर एकावर एक बसवलेल्या दोन चकत्या, मधे खिळ्यानं अडकवलेल्या. खेळ सुरू केला की पडद्यावर एका समुद्री चाच्याचा चेहरा यायचा आणि प्रश्न यायचा, याला अमुक बंदरावर कुठल्या साली फाशी दिलं? चकती फिरवायची, वरचा अर्धा चेहरा आणि खालचा अर्धा चेहरा पडद्यासारखा जुळवायचा आणि त्या बंदराच्या खिडकीतला आकडा टाईप करायचा. आकडा बरोबर असेल तरच खेळ पुढं. कुणी नुसत्या फ्लॉप्यांची नक्कल करू नये म्हणून ही युक्ती.

बेळगावचा जुलै तुम्हाला ठाऊक आहे. कौलातून गळलं आणि चकती भिजली. दुसऱ्या कुणी टाकून दिली असती. मामांनी ती चुलीजवळ वाळवली, आणि आकडे पुसट व्हायच्या आत बसून एक एक साल बारीक पेनानं उतरवून काढलं. अर्धे अर्धे चेहरे पेन्सिलनं काढले. पुठ्ठा कुठून? मावसबहिणीच्या लग्नाच्या पत्रिका उरल्या होत्या, जाड कागदाच्या. त्या चिकटवून दोन चकत्या कापल्या आणि मधे मामीच्या शिवणाच्या डब्यातलं टिचबटण बसवलं. पुढून चाचे, मागून 'श्री गणेश प्रसन्न'. आणि ती चकती चालली! इतकी हुबेहूब की प्रत्येक चेहरा जुळायचा.

त्या खेळात तलवारबाजी आहे, पण ती जिंकायची बोलण्यानं. समोरच्यानं टोमणा मारला की त्याला नेमका बसेल असा उलट टोमणा निवडायचा. मामा मोठ्यानं वाचायचे आणि आमच्यासाठी मराठीत सांगायचे. मामी बैलहोंगलची, सैपाकघरातून ऐकत असायची. ती तिथूनच कन्नडात असा जबाब द्यायची की खेळातला जबाब फिका पडावा. मी तर म्हणतो, दोन भाषा एका घरात नांदतात तेव्हा पोरांची जीभ तल्लख होते. सीमाभागातली आम्ही माणसं त्यासाठी कुठल्या शिकवणीला गेलो नाही.

मामा निवृत्त झाले. गुडघ्याचं ऑपरेशन झालं आणि घरात बसून कंटाळले. मी लॅपटॉप घेऊन गेलो. जुन्या हार्ड डिस्कवरच्या फाइल्स मी पूर्वी सीडीवर उतरवून ठेवल्या होत्या, त्या स्कमव्हीएमला दाखवल्या आणि संगीत सुरू झालं. तेवढ्यात मामांनी कपाटातून चकती काढून आणली. पिवळी पडलेली, पण टिचबटण शाबूत. चष्मा लावून, चकती मांडीवर घेऊन तयार बसले.

आणि खेळ थेट सुरूच झाला. चेहरा आलाच नाही.

"का रे, तोंड का येईना झालंय?"

मी म्हटलं, "मामा, हे नवं सॉफ्टवेअर तो प्रश्न गाळून टाकतंय. आता चकती लागत नाही."

"लागत नाही म्हणजे? त्याशिवाय खेळ सुरू हुतो कसा?" आणि मग जरा वेळानं, चकतीकडं बघत, "मग हे जपलं कशाला मी?"

माझ्याच्यानं पुढं खेळवेना. मी सेटिंग शोधायला बसलो. आणि श्रोतेहो, ज्यांनी हे बनवलं त्यांना माझा मनापासून नमस्कार, कारण ती सोय त्यांनी ठेवलीय. नक्कल-प्रतिबंध चालू करा, असा पर्याय आहे. तो चालू केला, खेळ पुन्हा उघडला, आणि पडद्यावर चाचा हजर! मामांनी चकती फिरवली. वरचा अर्धा, खालचा अर्धा. साल मोठ्यानं वाचलं, मी टाईप केलं, दार उघडलं. मामी हात पुसत बाहेर आली. त्या संध्याकाळी मामा खेळ थोडाच खेळले. बंद करायचे आणि पुन्हा सुरू करायला लावायचे. कशासाठी? नवा चेहरा यावा आणि तोही जुळवता यावा म्हणून!

वेळ कमी उरलाय, कृती पटकन सांगतो. स्कमव्हीएम डॉट ओआरजीवरून उतरवून घ्या. अँड्रॉइड फोनवरही चालतं, पण माउस बरा. 'ॲड गेम' दाबा आणि मूळ फाइल्सचा फोल्डर दाखवा. खेळ ते स्वतः ओळखतं. घरात एकही जुना खेळ नसेल तर त्याच साइटवर 'बिनीथ अ स्टील स्काय' आणि 'फ्लाइट ऑफ द ॲमेझॉन क्वीन' कंपन्यांच्या परवानगीनं फुकट ठेवलेत. चोरून उतरवायची गरजच नाही. आणि जो डॉसचा खेळ स्कमव्हीएम ओळखत नाही, त्याला डॉसबॉक्स, म्हणजे नव्या मशीनवर जुना डॉसचा कॉम्प्युटर उभा करणारं सॉफ्टवेअर. त्यात कंट्रोल धरून एफ ११ दाबलं की वेग कमी, एफ १२ दाबलं की जास्त.

सेटिंगमध्ये 'ॲस्पेक्ट रेशो करेक्शन' चालू ठेवा. जुनं चित्र ३२० बाय २०० ठिपक्यांचं, आणि त्या वेळचा मॉनिटर ते उंचीला ताणून दाखवायचा. हे चालू नसेल तर सगळी माणसं चपटी दिसतात. चित्र गुळगुळीत करणारे फिल्टर मात्र लावू नका. चित्रकारानं एकेक ठिपका विचार करून ठेवलाय, तो तसाच दिसू दे.

फ्लॉप्या असतील तर भंगारवाल्याला देऊ नका. साडेतीन इंची फ्लॉपीसाठी यूएसबीला लागणारा ड्राइव्ह मिळतो, त्यानं फाइल्स उतरवून दोन ठिकाणी ठेवा. सरकता पत्रा बाजूला करून आतली तबकडी उजेडात बघा. पांढरे डाग म्हणजे बुरशी. तशी फ्लॉपी ड्राइव्हमध्ये घालू नका, ड्राइव्हमधलं वाचणारं हेड खराब होतं आणि पुढची चांगली फ्लॉपीही त्यात बिघडते. हे काम पावसाच्या आधी उरका. नमस्कार.