हेलमंदचं युद्ध कळायचं असेल, तर आधी पाट बघा

नमस्कार मंडळी. नकाशावरची ही निळी रेघ म्हणजे हेलमंद नदी. काबूलच्या पश्चिमेला डोंगरात उगम, साधारण ११५० किलोमीटरचा प्रवास, आणि शेवट समुद्रात नाही, तर इराणच्या सीमेवरच्या हामूनच्या उथळ तळ्यांत. काठाला हिरवा पट्टा, तो संपला की वाळवंट. नदीच्याच नावाचा हेलमंद हा क्षेत्रफळात अफगाणिस्तानातला सगळ्यात मोठा प्रांत, पण बहुतेक वस्ती त्या पट्ट्यातच. बहुतांश पश्तून, दक्षिणेला बलुच.

बातम्यांत हेलमंद म्हटलं की तालिबान आणि अफू. माझं म्हणणं असं, की इथली भांडणं आधी जमिनीची आणि पाण्याची आहेत, बाकीचं त्यावर चढत गेलं.

१९५३ मध्ये अमेरिकी कंपनीने या नदीवर कजाकी धरण बांधलं. बोगरा कालवा निघाला, नाद अली आणि मर्जाच्या माळावर पाणी आलं, आणि सरकारने वेगवेगळ्या टोळ्यांची कुटुंबं आणून तिथे वसवली. पण मातीखाली कठीण थर. पाण्याचा निचरा होईना, वर मीठ फुटलं. सांगली-कोल्हापूरकडच्या शेतकऱ्याला क्षारपड म्हणजे काय ते सांगायला नको! त्यात जुन्या गावकऱ्यांचा आणि नव्या वसाहतींचा हक्काचा वाद. पुढे १९७८ नंतर सत्ता बदलली की जमिनीचा मालक बदलायचा. कम्युनिस्टांनी वाटली, मग मुजाहिदीन कमांडरांनी बळकावली. पाणी वाटणारा मिराब, म्हणजे पाटकरी, कुणाचा माणूस आहे यावर शेत भिजणार की नाही हे ठरायचं.

२००६ मध्ये ब्रिटिश सैन्य आलं, तेव्हा अनेक गावकऱ्यांना वाटलं, हे मैवंदचा सूड घ्यायला आलेत. मैवंदची लढाई, जिथे अफगाणांनी ब्रिटिशांना हरवलं, ती १८८० ची! आणि त्यात आपल्या मुंबईचा धागा आहे: हरलेल्या फौजेत बॉम्बे ग्रेनेडियर्सचे शिपाई होते, ते आधी याच नदीवर गिरिश्कपर्यंत आले होते.

२००८ मध्ये कजाकीसाठी दोनशेहून जास्त टनांचं टर्बाइन हजारो सैनिकांच्या पहाऱ्यात धरणावर पोहोचवलं. ते बसवायला लागणारं सिमेंट मात्र येईना, कारण रस्ता ताब्यात राहत नव्हता. २०१४ मध्ये ब्रिटिश परतले, तेव्हाही ते टर्बाइन तसंच पडून होतं. धरणाखालच्या गावांनी तोवर किती माणसं गमावली होती, हे आठवलं की मला राग येतो.

आणि अफू? पाणी तुलनेने कमी लागतं, चीक वर्षानुवर्षं टिकतो, व्यापारी दारात येऊन उचल द्यायचा. हिरव्या बोंडांना दुपारनंतर पात्याने बारीक चिरा द्यायच्या, रात्रभर चीक पाझरतो, सकाळी तपकिरी झालेला खरवडून घ्यायचा. हंगामात भूमिहीन मजुरांना हेच काम असायचं. याच पैशावर लोकांनी वाळवंटात बोअर मारले, पुढे सौर पंप बसवले, आणि भूजल खाली गेलं.

एप्रिल २०२२ मध्ये तालिबानने बंदी घातली. पुढच्याच वर्षी हेलमंदमधली लागवड ९९ टक्क्यांहून जास्त घटली, शेतात गहू आला. भाव चढले. ज्यांच्या घरात जुना माल साठवलेला होता, त्यांचं बरं चाललं. ज्यांच्याकडे बिघाभर जमीन किंवा तीही नाही, त्यांची खुरपणीची आणि चिरा द्यायची मजुरी गेली, कारण गव्हाला तेवढी माणसं लागत नाहीत.