चागोस: बेटांवर माणसं होती

नमस्कार, श्रोतेहो. आज बोलायचं आहे चागोस बेटांविषयी. मालदीवच्याही दक्षिणेला, भर हिंदी महासागरात. शाळेच्या नकाशात तिथे नुसता निळा रंग दिसतो. या महासागराचा इतिहास मुलांना शिकवायलाच हवा, असं माझं ठाम मत आहे. कोकणातून मॉरिशसच्या उसाच्या मळ्यांवर गेलेली आपली माणसंही त्यात भेटतील. असो.

चागोस मॉरिशसमध्ये मोडायचं, आणि मॉरिशस ब्रिटिशांच्या ताब्यात. अमेरिकेला चागोसमधल्या दिएगो गार्सिया बेटावर लष्करी तळ हवा होता. म्हणून १९६५ साली ब्रिटनने चागोस मॉरिशसपासून तोडलं. मॉरिशसला स्वातंत्र्य दिलं १९६८ साली. लक्षात घ्या, आधी तोडलं, मग स्वातंत्र्य दिलं.

पण बेटांवर माणसं होती. बहुतेक गुलाम करून आणलेल्या आफ्रिकी माणसांचे वंशज, पिढ्यान्‌पिढ्या खोबऱ्याच्या धंद्यावर जगणारे. लंडनच्या अधिकाऱ्यांनी कागदोपत्री त्यांना कंत्राटी मजूर ठरवलं, म्हणजे तिथले कायमचे रहिवासी नाहीतच. १९६६च्या एका सरकारी टिपणात त्यांना ‘टार्झन’ आणि ‘मॅन फ्रायडे’ (रॉबिन्सन क्रूसोच्या गोष्टीतला बेटावरचा नोकर) म्हटलं आहे. अर्जेंटिनाजवळच्या आपल्या फॉकलंड बेटांवरच्या दोनेक हजार गोऱ्या रहिवाशांसाठी मात्र याच ब्रिटनने १९८२ साली युद्ध केलं.

आता लिझबी एलिझे यांची हकीकत ऐका. चागोसमधल्याच पेरोस बान्होस बेटावरची ही बाई. सगळ्यांच्या हाताला काम होतं, ताजं अन्न होतं. मॉरिशसहून जहाजं सामान आणायची, ती हळूहळू यायची थांबली. मग एक दिवस बेटाच्या व्यवस्थापकाने सांगितलं, बेट सोडायचं. कारण? काहीच सांगितलं नाही. १९७३ साल. घरदार मागे टाकायचं, फक्त कपडे बरोबर घ्यायचे. अंधारात जहाजावर चढवलं, आपलं बेट नजरेला पडू नये म्हणून. जहाजाच्या पोटात माणसं जनावरांसारखी कोंबली. लिझबी तेव्हा वीस वर्षांच्या, चार महिन्यांच्या गरोदर. बाळ जन्मलं आणि गेलं.

हे सगळं त्यांनी २०१८ साली हेगच्या आंतरराष्ट्रीय न्यायालयापुढे आपल्या क्रिओल भाषेत सांगितलं. त्यांना लिहिता-वाचता येत नव्हतं. आधी चित्रित केलेली साक्ष पडद्यावर दाखवली, आणि त्या स्वतः समोर बसल्या होत्या. ज्यांना कागदाने पुसून टाकलं, त्यांच्यातली एक बाई न्यायाधीशांसमोर बोलत होती! फेब्रुवारी २०१९ मध्ये न्यायालयाने तेरा विरुद्ध एक मतांनी सल्ला दिला, की चागोस तोडणं बेकायदा होतं, ब्रिटनने लवकरात लवकर तिथला कारभार संपवावा. २०२२ साली लिझबीबाईंनी पेरोस बान्होसवर पुन्हा पाय ठेवला.

मे २०२५ मध्ये ब्रिटन आणि मॉरिशसने करारावर सह्या केल्या. बेटं मॉरिशसची, पण दिएगो गार्सियाचा तळ ९९ वर्षं ब्रिटनकडेच. इतर बेटांवर पुन्हा वस्ती करायची मुभा करारात आहे. दिएगो गार्सियावर नाही. आणि श्रोतेहो, या वाटाघाटींत आम्हाला विचारलंच नाही, ही अनेक चागोसवासीयांची तक्रार आहे. त्यांना विचारायलाच हवं होतं. बेटांवर तेच राहत होते.