साइट हलवण्याआधी नाव कोणाचं ते बघा

इथे बसलेल्या बहुतेकांचा धंदा लहान आहे. दोन-चार माणसं, एक वेबसाइट आणि साइटचं सगळं बघणारा कुणीतरी ओळखीचा. आज बोलायचंय होस्टिंग, म्हणजे साइट ठेवायची भाड्याची जागा, बदलण्याबद्दल, पण सुरुवात मी होस्टिंगपासून करणार नाही. साइट एका सर्व्हरवरून दुसऱ्यावर नेणं हे जाणत्या माणसाचं एका दुपारचं काम आहे. त्याच्या आधी एक गोष्ट शोधावी लागते आणि तिथेच लोक अडकतात. साइट नक्की कोणाच्या नावावर आहे?

काही वर्षांपूर्वी एका छापखान्याचे मालक माझ्याकडे आले. साइट फार हळू उघडायची, होस्टिंगवाले फोन उचलत नव्हते, म्हणून त्यांना दुसरीकडे जायचं होतं. नव्या कंपनीचे पैसे भरूनही झाले होते. मी विचारलं, डोमेन, म्हणजे साइटचं नाव, कोणाच्या खात्यात आहे? म्हणाले, "माझ्याच. दरवर्षी पैसे मीच देतो." लॉगिन मात्र कुठेच सापडेना. शेवटी आम्ही रजिस्ट्रारच्या, म्हणजे डोमेन नोंदवून देणाऱ्या कंपनीच्या, पानावर जाऊन 'पासवर्ड विसरलो' दाबलं. पडद्यावर आलं की कोड ईमेलवर पाठवला आहे. खाली तो पत्ता होता, पहिली दोन अक्षरं आणि पुढे नुसत्या चांदण्या. ते बराच वेळ त्या दोन अक्षरांकडे बघत राहिले. मग म्हणाले, "हा माझा ईमेल नाही."

ती अक्षरं होती नऊ वर्षांपूर्वी साइट बनवून देणाऱ्या मुलाची. त्याने डोमेन स्वतःच्या खात्यातून घेतलं होतं, कारण खातं आधीच उघडलेलं होतं आणि काम पटकन झालं. पुढे त्याने नोकरी धरली, गाव बदललं, नंबर बदलला. नऊ वर्षांच्या पावत्या मालकांकडे नीट लावून ठेवलेल्या होत्या आणि प्रत्येकीवर लिहिलं होतं, 'वेबसाइट वार्षिक खर्च'. डोमेन हा शब्द एकीवरही नव्हता. मुलगा अकराव्या दिवशी सापडला आणि त्याने लगेच सगळं त्यांच्या नावावर करून दिलं. सापडला नसता तर काय, हा विचार माझ्या डोक्यातून अजून जात नाही.

साइट हा शब्द एकच असला तरी त्यात चार निरनिराळ्या गोष्टी असतात: डोमेन म्हणजे नाव, डीएनएस म्हणजे ते नाव कुठे जातं याची नोंद, फायली आणि डेटाबेस म्हणजे खरा मजकूर, आणि ईमेल. चारही एकाच कंपनीकडे असतील, किंवा चार ठिकाणी चार जणांच्या नावावर असतील. होस्टिंग बदलताना यातली फक्त तिसरी गोष्ट हलवावी लागते. बाकीच्या तीन ओढल्या जातात, त्या बहुतेक वेळा आपल्या अजाणतेपणामुळे.

सगळ्यात मोलाचं आहे डोमेन. ते कुणी कायमचं विकत घेत नाही, मुदतीने घेतो. डॉट-कॉमची मुदत एका वेळी जास्तीत जास्त 10 वर्षं. सगळ्या डॉट-कॉम नावांचं मूळ दप्तर व्हेरिसाइन ही कंपनी सांभाळते, आपण नाव घेतो ते रजिस्ट्रारकडून, आणि या सगळ्यांचे नियम ठरवते 1998 साली स्थापन झालेली आयकॅन ही संस्था. त्या नियमांत हक्क असतो नोंदलेल्या धारकाचा. पैसे कोणी भरले, कार्ड कोणाचं होतं, दुकानाच्या पाटीवर कोणाचं नाव आहे, हे रजिस्ट्रार आधी विचारत नाही. तो नोंद बघतो.

ती नोंद तुम्हीही बघू शकता. आयकॅनच्या लुकअप पानावर आपलं डोमेन टाका. पूर्वी या सोयीला हूइज म्हणत, 2025 च्या जानेवारीपासून डॉट-कॉमसारख्या नावांसाठी तिची जागा आरडॅपने घेतली. युरोपचा खाजगी माहितीचा कायदा 2018 साली लागू झाल्यापासून धारकाचं नाव बहुधा झाकलेलं दिसतं. तरी रजिस्ट्रार कोण, मुदत कधी संपते, नेमसर्व्हर म्हणजे डीएनएसच्या नोंदी ठेवणारे सर्व्हर कोणाचे, एवढं समजतं. रजिस्ट्रारचं नाव समजलं की पुढचा प्रश्न सोपा: त्या रजिस्ट्रारकडे तुमचं स्वतःचं खातं आहे का? नसेल तर आज घरी गेल्यावर होस्टिंगचं काम बाजूला ठेवा आणि आधी याच्या मागे लागा.

खातं असेल तर आत जाऊन धारकाचा ईमेल तपासा. इथे दोन खड्डे आहेत. एक म्हणजे नोकरी सोडून गेलेल्या माणसाचा ईमेल. दुसरा जास्त फसवा आहे, त्याच डोमेनवरचा ईमेल. होस्टिंग बदलताना मेल बंद पडला, की मंजुरीचा कोड त्याच बंद पेटीत जाऊन पडतो. कुलपाची किल्ली कुलपाच्या आतच राहते. आयकॅनच्या नियमाप्रमाणे मुदत संपण्याच्या साधारण एक महिना आणि एक आठवडा आधी सूचना पाठवावी लागते, तीही याच पत्त्यावर येते. ती चुकली तर पुढचे दिवस मोजकेच असतात. काही आठवडे नेहमीच्या दरात नूतनीकरण होतं, पण हे रजिस्ट्रारवर अवलंबून असतं. मग डॉट-कॉमला 30 दिवस जास्तीचा दंड भरून नाव परत मिळवता येतं, त्यानंतर 5 दिवस कुणालाच हात लावता येत नाही, आणि मग ते नाव जगात कुणीही घेऊ शकतं. म्हणून बाहेरचा एक ईमेल द्या, ओटीपी दोघांना मिळेल अशी सोय करा, आणि संस्थेच्या रकान्यात धंद्याचं नाव भरा.

होस्टिंग बदलायला डोमेन हलवावं लागत नाही, हे नीट लक्षात घ्या. डोमेन आहे तिथे राहू दे, त्याची दिशा तेवढी बदला. नवी होस्टिंग कंपनी "डोमेनही आमच्याकडे आणा" म्हणेल, त्यात गैर काही नाही, पण दोन्ही कामं एकाच आठवड्यात करू नका. डोमेन खरंच हलवायचं असेल तर लॉक काढून ट्रान्सफर कोड घ्यावा लागतो. तुम्ही मागितल्यावर रजिस्ट्रारने तो 5 दिवसांत द्यायचा असतो, आणि निव्वळ पैशांचा वाद आहे म्हणून अडवून ठेवता येत नाही. मात्र हा हक्क नोंदलेल्या धारकाचा. छापखान्याच्या मालकांना त्या दिवशी तो मागताच आला नसता. नवीन घेतलेलं किंवा नुकतंच हलवलेलं डोमेन साधारण 60 दिवस अडकलेलं असतं, आणि धारकाचं नाव बदललं तरी बऱ्याच ठिकाणी तेवढेच दिवस थांबावं लागतं. आधी नाव बदलायचं की आधी हलवायचं, हे रजिस्ट्रारला विचारूनच ठरवा. देशांच्या नावांच्या डोमेनचे नियम निराळे असतात.

आता डीएनएस. नेमसर्व्हर जुन्या होस्टिंगचे असतील तर सगळ्या नोंदी तिथेच आहेत आणि खातं बंद केल्यावर त्या जातील. आधी प्रत्येक ओळ उतरवून घ्या. लोक साइटची ओळ घेतात आणि एमएक्सची विसरतात. ही एमएक्सची ओळ सांगते की या डोमेनचा मेल कुठे पोचवायचा. ती राहिली की साइट झकास उघडते आणि ऑर्डरी येणं बंद होतं, आणि दोन दिवस कुणाला काही वाटतही नाही, कारण न आलेला मेल दिसत नाही. प्रत्येक नोंदीला टीटीएल नावाचा एक आकडा असतो, सेकंदांत. तो 86400 असेल तर जुनी दिशा लोकांच्या बाजूला पूर्ण दिवसभर राहू शकते. बदलाच्या दोन दिवस आधी तो 300 करा.

फायलींचं थोडक्यात सांगतो. वर्डप्रेस या साइट चालवणाऱ्या सॉफ्टवेअरवरची साइट असेल तर पानांचा मजकूर फायलींमध्ये नसतो, डेटाबेसमध्ये असतो. कुणी नुसती झिप हातात दिली तर फोटो आणि सजावट मिळाली, लिहिलेलं मागेच राहिलं. दोन्ही मागा, आणि ती प्रत जुन्या सर्व्हरवर नको, तुमच्या हातात हवी. तयार साइट-बिल्डरवर, म्हणजे तयार तुकडे जोडून साइट बनवून देणाऱ्या सेवेवर, बनवलेली साइट असेल तर बहुधा मजकूर आणि फोटोच उचलता येतात, मांडणी नव्याने करावी लागते. हे आधी विचारा.

मालकीचा आणखी एक पदर कायद्याचा आहे. बर्न करारात 1908 च्या दुरुस्तीपासून हे मान्य आहे की निर्मितीचा हक्क निर्माण होतो त्या क्षणी, नोंदणी न करता, करणाऱ्याकडे. बाहेरच्या माणसाकडून डिझाइन करून घेतलं आणि पैसे दिले, एवढ्याने तो हक्क आपल्याकडे आला असं बऱ्याच देशांत धरत नाहीत. लेखी लागतं. चार ओळींचं पत्र पुरतं: डिझाइन, मजकूर आणि त्यासाठी लिहिलेला कोड धंद्याच्या मालकीचा. विकत घेतलेली थीम, प्लगइन, फॉन्ट यांचे परवाने कोणाच्या नावावर आहेत तेही त्याच पत्रात लिहून घ्या.

जुन्या डिझायनरशी बोलताना आवाज चढवू नका. माझ्या अनुभवात मुद्दाम अडवणारे फार थोडे. बहुतेकांनी घाईत, स्वतःच्या सोयीने काम केलेलं असतं आणि तुम्हीही तेव्हा विचारलेलं नसतं. त्याची बाकी असेल ती आधी द्या, मग यादी देऊन एकेक गोष्ट मागा. बाकी थकवून किल्ल्या मागायला जाणं मला बरोबर वाटत नाही.

जुनं होस्टिंग नवी साइट सुरू झाल्यावरही निदान महिनाभर चालू ठेवा. जुने मेल उतरवून घ्या, अजून कुठली पेटी तिकडे बघते आहे का पाहा, गूगलच्या सर्च कन्सोलमध्ये, म्हणजे शोधात साइट कशी दिसते ते दाखवणाऱ्या सोयीत, आपण मालक आहोत का तपासा, आणि मग सगळ्या जुन्या लॉगिनांचे पासवर्ड बदला. खातं बंद करण्याचं बटण सगळ्यात शेवटी.

छापखान्याच्या मालकांनी काम झाल्यावर स्वतःच्याच मशीनवर एक कागद छापला. रजिस्ट्रार कोण, खात्याचा ईमेल कुठला, डोमेनची मुदत कधीपर्यंत, डीएनएस कुठे, बॅकअप कुठे. पासवर्ड त्यावर नाहीत, ते कुठे ठेवलेत एवढंच आहे. एक प्रत त्यांच्या कपाटात आहे आणि दुसरी मुलीकडे. दरवर्षी मुदत वाढवली की तारखेची ओळ बदलून तो कागद ते पुन्हा छापतात आणि एक प्रत मलाही पाठवतात.