मनगटावरचा कॅलरीचा आकडा येतो कुठून?

श्रोतेहो, नमस्कार.

पणजीत मिरामारच्या किनाऱ्यावर किंवा कांपालच्या पदपथावर सकाळी फिरायला येणाऱ्यांमध्ये ज्याच्या मनगटावर फिटनेस बँड नाही असा माणूस आता शोधावाच लागतो. फेरी संपली की पहिली नजर घड्याळाकडे जाते, आणि ‘आज तीनशे वीस कॅलरी झाल्या’ असे मोठ्या समाधानाने सांगितले जाते. त्या समाधानाला माझा आक्षेप नाही. मात्र हे तीनशे वीस त्या पट्ट्याने मोजलेले नसतात. त्याने मोजलेले असते ते निराळेच काही, आणि कॅलरी हा त्यावरून बांधलेला अंदाज असतो.

खर्च झालेल्या कॅलरी खरोखर मोजायच्या तर काय करावे लागते, ते आधी पाहू. आहारशास्त्रातली एक कॅलरी म्हणजे एक लिटर पाण्याचे तापमान एक अंश सेल्सिअसने वाढवायला लागणारी उष्णता. फ्रेंच शास्त्रज्ञ लाव्हाझिए आणि लाप्लास यांनी १७८०च्या दशकात एका गिनीपिगला बर्फाने वेढलेल्या पेटीत ठेवले आणि त्याच्या अंगच्या उष्णतेने किती बर्फ वितळला ते पाहिले. आजच्या प्रयोगशाळेत हेच काम श्वासावरून होते. माणसाच्या तोंडावर मास्क बसवून तो किती ऑक्सिजन वापरतो आणि किती कार्बन डायऑक्साइड सोडतो हे मोजतात, कारण शरीराने एक लिटर ऑक्सिजन वापरला की साधारण पाच कॅलरी खर्च झाल्या असे मानता येते. आठ-पंधरा दिवसांचा खर्च हवा असेल तर हायड्रोजन आणि ऑक्सिजन यांची जड रूपे असलेले पाणी पाजून नंतर लघवीचे नमुने तपासण्याची पद्धत आहे. ती अत्यंत विश्वासार्ह मानली जाते आणि तितकीच महागही आहे. यांतले काहीच मनगटावर बसत नाही.

मनगटावर बसतात त्या दोन गोष्टी. एक म्हणजे ॲक्सेलरोमीटर, म्हणजे हात कोणत्या दिशेला, किती जोराने आणि किती वेळा हलला ते टिपणारा इवलासा भाग. दुसरा म्हणजे पट्ट्याच्या खालच्या बाजूला लुकलुकणारा हिरवा दिवा. रक्त हिरवा प्रकाश शोषून घेते, त्यामुळे प्रत्येक ठोक्याबरोबर मनगटातल्या बारीक रक्तवाहिन्यांत रक्त वाढले की परत येणारा प्रकाश किंचित कमी होतो. या चढउतारावरून नाडीचे ठोके मोजले जातात. यांच्या जोडीला असते ती आपणच पहिल्या दिवशी ॲपमध्ये भरलेली माहिती, म्हणजे वय, उंची, वजन आणि आपण स्त्री आहोत की पुरुष. एवढ्या सामग्रीवर पुढचे सगळे गणित चालते, आणि ते नेमके कसे केले जाते हे बहुतेक कंपन्या पूर्णपणे उघड करत नाहीत.

त्या गणिताचा मोठा भाग चालण्याशी संबंधितच नसतो, ही गोष्ट पुष्कळांच्या ध्यानात येत नाही. आपण स्वस्थ पडून असलो तरी हृदय, मेंदू, यकृत, मूत्रपिंडे यांचे काम सुरूच असते, आणि बैठी कामे करणाऱ्या माणसाच्या दिवसभराच्या खर्चापैकी साठ ते सत्तर टक्के खर्च या मूलभूत चयापचयावर होतो. त्याचा अंदाज करायला सूत्रे आहेत. १९९० साली मांडलेले मिफ्लिन आणि सेंट जिओर यांचे सूत्र त्यांपैकी एक. किलोमधल्या वजनाला दहाने गुणायचे, सेंटिमीटरमधल्या उंचीला सव्वासहाने गुणून ती संख्या त्यात मिळवायची, वयाची पाचपट वजा करायची, आणि शेवटी पुरुष असल्यास पाच मिळवायचे, स्त्री असल्यास एकशे एकसष्ट वजा करायचे. पंचेचाळीस वर्षांच्या, साठ किलो वजनाच्या आणि १५५ सेंटिमीटर उंचीच्या बाईंसाठी हा आकडा सुमारे ११८३ येतो, म्हणजे तासाला जवळजवळ ४९. एकूण खर्च दाखवणारा बँड मध्यरात्रीपासून हे मीटर चालू ठेवतो, म्हणून सकाळी सहाला या बाई अंथरुणातून उठतात तेव्हा त्यांच्या खात्यावर तीनशेच्या आसपास कॅलरी आधीच जमा झालेल्या असतात!

चालण्याचा हिशेब यावर चढतो. वेगवेगळ्या हालचालींना विश्रांतीच्या किती पट ऊर्जा लागते याचे तक्ते शास्त्रज्ञांनी १९९३पासून प्रसिद्ध केलेले आहेत, आणि ही पट ‘मेट’ या एककात सांगतात. एक मेट म्हणजे ढोबळ मानाने दर किलो वजनामागे तासाला एक कॅलरी. सपाटीवर मध्यम गतीने चालणे साडेतीन मेटच्या आसपास धरले, तर याच बाईंचा तासभराचा खर्च २१० कॅलरी होतो. यातल्या पन्नास-साठ त्या घरी बसून राहिल्या असत्या तरी गेल्याच असत्या, तेव्हा फिरण्याचे निव्वळ देणे दीडशेच्या घरात उरते. मोठा चमचाभर खोबरेल तेल सुमारे १२० कॅलरींचे असते, हे स्वयंपाकघरात लक्षात ठेवण्यासारखे आहे.

आता पट्टा फसतो कुठे ते पाहू, आणि त्यासाठी गोव्याबाहेर जायची गरज नाही. चवथीला घरोघर आरती रंगते तेव्हा घुमट हे मातीचे तालवाद्य वाजवणारा एका जागी उभा किंवा बसलेला असतो, पण त्याच्या मनगटाची लयीतली उसळी ॲक्सेलरोमीटरला पावलांसारखी भासू शकते, आणि आरती संपेपर्यंत खात्यावर न चाललेली पावले जमा होतात. उलट सायकलवरून पाव विकणाऱ्या पोदेराचे पाय सारा वाडा पालथा घालतात, पण हात हँडलवर स्थिर असल्याने केवळ हालचालीवर विसंबणारा बँड त्याला जवळजवळ बसूनच ठेवतो. पावसाळ्यात छत्री धरलेल्या हाताचीही तीच गत होते. मिरामारच्या कोरड्या, भुसभुशीत वाळूत चालायला पक्क्या रस्त्याच्या दुप्पट किंवा त्याहूनही अधिक ऊर्जा लागते, परंतु पायाखाली काय आहे हे पट्ट्याला कळण्याचा मार्ग नाही. फोंताइन्यासकडून आल्तिनोची चढण चढताना हवेचा दाब मोजणारे उपकरण आत असेल तरच चढ लक्षात येतो, आणि हातातल्या बाजाराच्या पिशवीचे वजन तर कोणत्याच घड्याळाला समजत नाही.

या उणिवा भरून काढायला नाडीचा आधार घेतात. मध्यम श्रमात नाडी आणि ऑक्सिजनचा वापर साधारण एका प्रमाणात वाढतात, हे खरे आहे. परंतु ते प्रमाण माणसागणिक वेगळे असते, आणि नाडी श्रमाखेरीज इतर कारणांनीही वाढते. मे महिन्यातल्या दमट उकाड्यात घाम वाळत नाही, अंग थंड ठेवण्यासाठी हृदयाला त्वचेकडे जास्त रक्त पाठवावे लागते आणि त्याच गतीने चालूनही ठोके वाढतात. कडक चहा, ताप, धास्ती यांचाही परिणाम तोच. पट्टा मात्र हे वाढीव ठोके व्यायामाच्या खात्यात टाकतो. रक्तदाबासाठी बीटा-ब्लॉकर गटातल्या गोळ्या घेणाऱ्यांच्या बाबतीत याच्या उलट होते, कारण औषधामुळे त्यांची नाडी चढत नाही आणि केलेले श्रम कमी मोजले जातात. अशा श्रोत्यांनी केवळ आकडा वाढावा म्हणून चालण्याचा वेग वाढवू नये, आपल्या डॉक्टरांना विचारावे.

अमेरिकेतल्या स्टॅनफर्ड विद्यापीठाने २०१७ साली साठ स्वयंसेवकांना मनगटी उपकरणे बांधून चालायला, पळायला आणि सायकल चालवायला लावले, आणि सात उपकरणे प्रयोगशाळेतल्या मोजमापाशी ताडून पाहिली. नाडीच्या बाबतीत सातांपैकी सहांची चूक पाच टक्क्यांच्या आत राहिली. कॅलरींच्या बाबतीत सर्वांत चांगल्या उपकरणाची सरासरी चूक २७ टक्के निघाली आणि सर्वांत वाईटाची ९३ टक्के. त्यानंतर उपकरणे सुधारली असली, तरी अंदाज बांधण्याची मूळ रीत तीच आहे.

आपल्याकडच्या माणसाला आणखी एक अडचण आहे. उंची-वजनावरून शरीराची घडण ओळखणे भारतीयांच्या बाबतीत फसवे ठरते, आणि याचा गाजलेला दाखला पुण्याचा आहे. तिथल्या केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे प्राध्यापक जॉन युडकिन यांनी २००४ साली ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात स्वतःचीच तुलना छापली. दोघांचाही बॉडी मास इंडेक्स, म्हणजे उंचीच्या मानाने वजनाचा निर्देशांक, २२.३ होता, पण युडकिन यांच्या शरीरात चरबी ९.१ टक्के होती, तर याज्ञिक यांच्या शरीरात २१.२ टक्के. विश्रांतीतही स्नायू चरबीपेक्षा अधिक ऊर्जा वापरतात, म्हणून केवळ उंची-वजनावर चालणारे सूत्र स्नायू कमी असलेल्या माणसाच्या खात्यात नकळत जास्त कॅलरी जमा करते.

म्हणून बँडवर चारशे दिसले की तेवढे खाण्याची मुभा मिळाली असे समजू नये, असे माझे स्पष्ट मत आहे. त्याचा उपयोग स्वतःच्याच दोन आठवड्यांची तुलना करायला चांगला होतो, कारण चूक राहिली तरी ती बरीचशी एकाच दिशेची राहते. त्यासाठी पट्टा रोज त्याच हातावर, मनगटाच्या हाडापासून बोटभर वर आणि व्यायामाच्या वेळी जरा घट्ट बांधावा. ॲपमध्ये खरेदीच्या दिवशी भरलेले वजनही अधूनमधून तपासावे. दोन वर्षांपूर्वी ७२ किलो लिहिलेले असेल आणि आज काटा ६५ दाखवत असेल, तर ते दुरुस्त केल्यावर त्याच रस्त्यावरची, त्याच गतीची फेरी सुमारे दहा टक्क्यांनी कमी कॅलरींची दिसू लागेल, आणि तो घटलेला आकडाच आधीच्यापेक्षा खऱ्याच्या जवळचा असेल.

नमस्कार.