बेस वाजला की अँप बंद पडतो? आधी अर्थिंग मोजा

नमस्कार मंडळी. पावसाळा सुरू झाला की या चॅनेलवर एकच प्रश्न वेगवेगळ्या शब्दांत येऊ लागतो, आणि गणपतीसाठी मुंबई-पुण्याच्या गाड्या गावी उतरू लागल्या की त्याचे प्रमाण आणखी वाढते. गाडीतला अँप्लिफायर गाणे चालू असताना मध्येच बंद पडतो, काही सेकंदांनी आपोआप सुरू होतो आणि पुन्हा जोराचा बेस आला की गप्प होतो. रत्नागिरीत गाड्यांच्या ऑडिओचे काम करताना हा दोष माझ्यासमोर सतत येतो, म्हणून आज फक्त त्याच्याबद्दल बोलतो.

सोप्या तपासण्या भराभर सांगून टाकतो, कारण त्या तुमच्यापैकी बहुतेकांनी केलेल्याच असतात. अँप बंद पडेल त्या क्षणी त्याच्यावरचा दिवा पाहा. दिवा पूर्ण विझत असेल तर मुख्य पुरवठा किंवा रिमोटची वायर, म्हणजे अँपला चालू होण्याचा इशारा स्टिरिओकडून आणणारी वायर, सुटते आहे. ही वायर बहुधा निळी-पांढरी असते आणि स्टिरिओ चालू असताना तिच्यावर 12 व्होल्टच्या आसपास मिळायला हवेत. अर्धा तास वाजल्यावर, हात ठेववत नाही इतका तापून अँप बंद पडत असेल, तर त्याला हवा मिळत नाही किंवा स्पीकरचे ओहम, म्हणजे त्यांचा विजेला होणारा अडथळा, कमी पडतात. 4 ओहमचे दोन सबवूफर (बेसचे मोठे स्पीकर) समांतर जोडले की 2 ओहम होतात, आणि ब्रिज जोडणीत (अँपचे दोन चॅनेल एकत्र करून एकच स्पीकर चालवताना) बहुतेक अँप 4 ओहमच्या खाली चालवायचे नसतात. गाडी खड्ड्यात आदळली की अँपवरचा बिघाड दाखवणारा लाल दिवा लागत असेल, तर स्पीकरची वायर कुठेतरी सोलवटून पत्र्याला टेकते आहे.

आता मूळ तक्रारीकडे येऊ. बेसच्या ठोक्याला बंद पडणारा, आणि इंजिन बंद असताना जास्त वेळा बंद पडणारा अँप माझ्याकडे आला, की मी अँप उघडत नाही, स्टिरिओला हात लावत नाही. मी आधी अर्थिंग मोजतो.

अँप जेवढा करंट पॉझिटिव्ह वायरने घेतो, तेवढाच अर्थच्या वायरने आणि गाडीच्या पत्र्यातून बॅटरीकडे परत जातो. 500 वॅटचा क्लास-डी अँप 80 टक्के कार्यक्षम धरला, तर पूर्ण ताकदीने वाजताना तो 625 वॅट खेचतो, म्हणजे 13.8 व्होल्टला साधारण 45 अँपिअर. अर्थच्या बोल्टखाली गंजामुळे फक्त 0.05 ओहमचा अडथळा तयार झाला, तरी तिथे सव्वादोन व्होल्ट खर्ची पडतात. इंजिन चालू असेल तर अँपला साडेअकरा व्होल्ट मिळतात आणि तो कसाबसा तग धरतो. इंजिन बंद करून बॅटरीवर वाजवायला गेलात, की तेच 10 व्होल्टच्या आसपास येतात आणि अनेक अँप त्याच सुमारास स्वतःला बंद करून घेतात. बेस थांबला की करंट उतरतो, व्होल्टेज पुन्हा वर येते, अँप जागा होतो. तुम्ही कळवता तो चालू-बंदचा खेळ म्हणजे हेच चक्र आहे.

इथे एक प्रतिक्रिया वारंवार येते आणि तिचे उत्तर मला नीट द्यायचे आहे. ‘दादा, मल्टिमीटर ओहमवर लावून पाहिला, शून्य दाखवतो, म्हणजे अर्थिंग ठीक आहे.’ मंडळी, या चाचणीवर कृपया विसंबू नका. साध्या मल्टिमीटरच्या दोन तारांचाच अडथळा 0.2 ते 0.3 ओहम असतो, आणि आपण शोधतो आहोत 0.05 ओहम. शिवाय ओहम मोजताना मीटर त्या जोडातून अगदी नाममात्र करंट सोडतो. जाड वायरच्या सगळ्या तारा तुटून एकच तार शिल्लक असेल, तरी मीटर तिला निर्दोष ठरवेल, आणि तीच वायर 45 अँपिअर मागितल्यावर हात टेकेल. अरुंद पायवाटेवरून एक माणूस आरामात गेला म्हणून तिथून पालखीची मिरवणूक जाईल असे आपण धरत नाही. अर्थिंगची परीक्षाही पूर्ण गर्दीतच घ्यावी लागते.

ती अशी घ्या. मल्टिमीटर डीसी व्होल्टवर ठेवा. एक लांब वायर जोडून काळी पिन थेट बॅटरीच्या निगेटिव्ह टोकावर लावा आणि लाल पिन अँपच्या ग्राउंड टर्मिनलच्या, म्हणजे अर्थची वायर जिथे जोडतात त्या टोकाच्या, स्क्रूवर. गाण्यात आकडा नाचत राहतो, म्हणून फोनवरून 50 हर्ट्झचा सलग सूर लावा आणि ज्या आवाजाला अँप बंद पडतो त्याच्या किंचित खाली, फक्त चार-पाच सेकंद वाजवा. जास्त वेळ लावलात तर सबवूफरची कॉइल तापेल. आकडा 0.2 व्होल्टच्या आत राहिला तर अर्थिंग उत्तम आहे. तो 0.5 च्या वर गेला तर दोष सापडला असे समजा, मग ओहमची चाचणी काहीही सांगो.

दोष नेमका कुठे आहे तेही याच मीटरने कळते. सूर चालू असताना लाल पिन अँपच्या टर्मिनलवरून लगवर, म्हणजे वायरच्या टोकाला बसवलेल्या, बोल्टखाली येणाऱ्या धातूच्या कडीवर आणा, तिथून बोल्टशेजारच्या खरवडलेल्या पत्र्यावर आणा. ज्या टप्प्यावर आकडा एकदम खाली उतरतो, तो जोड खराब आहे. पत्र्यावरही आकडा मोठाच राहिला, तर बोनेटखाली बॅटरीकडून बॉडीला जाणारी मूळ पट्टी गंजलेली असते, आणि ती कोणी बघतच नाही.

आपल्या किनाऱ्यावर हा दोष इतका का होतो, याचे कारण हवेत आहे. मिठाचा थर हवेतील आर्द्रता 75 टक्क्यांच्या वर गेली की स्वतःहून पाणी ओढून ओला होतो, आणि आपल्याकडे पावसाळ्यात आर्द्रता त्याखाली फारशी येतच नाही. म्हणजे समुद्राजवळ उभ्या राहणाऱ्या गाडीत बोल्टखाली शिरलेले मीठ चार महिने वाळत नाही. त्यात तांब्याचा लग आणि लोखंडी पत्रा एकमेकांना टेकलेले, मध्ये खारट ओल, म्हणजे लोखंड झपाट्याने झिजणार. मालवणकडच्या एका काकांच्या पर्यटनाच्या गाडीत अँप बदलून झाला होता, वर मोठा कपॅसिटरही (बेसच्या ठोक्यासाठी वीज साठवून ठेवणारा भाग) बसवला होता. अर्थचा बोल्ट मात्र स्टेपनीच्या खड्ड्यात होता आणि मागच्या दिव्याच्या रबरातून पाणी झिरपून तो खड्डा ओला राहत होता. मीटरने जवळजवळ दोन व्होल्ट दाखवले. जागा बदलून जोड नव्याने केला आणि काकांचा जुनाच अँप परत बसवला. तो आजही वाजतो आहे.

म्हणून मोजण्याआधी कपॅसिटर विकणाऱ्यांचा मला मनापासून राग येतो. गंजलेल्या अर्थवर कपॅसिटर लावून गंज जात नाही. त्याहून वाईट म्हणजे फ्यूज मोठा घालणे. फ्यूज वायरला आगीपासून वाचवण्यासाठी असतो, त्याचा आकडा वायरच्या जाडीवरून ठरतो, आणि तो बॅटरीपासून 45 सेंटिमीटरच्या आतच असायला हवा.

जोड करताना रंग पूर्ण खरवडून चकचकीत पत्रा दिसू द्या, वायरवर लग दाबून बसवा, दातेरी वायसर घाला, घट्ट आवळा आणि त्यानंतरच वरून रंग किंवा ग्रीस लावा. वायर पॉझिटिव्हइतकीच जाड आणि शक्यतो 45 सेंटिमीटरच्या आत ठेवा. स्वस्त संचांत तांब्याचा मुलामा दिलेली ॲल्युमिनियमची वायर येते. खाऱ्या हवेत तिची टोके लवकर पांढरी पडून झिजतात, तेव्हा अस्सल तांब्याची घ्या, आणि नौकांसाठी बनते तशी कथील चढवलेली मिळाली तर फारच चांगले. सीटबेल्टच्या बोल्टवर अर्थ घेण्याचा सल्ला काही जण देतात. तो कृपया पाळू नका, त्या बोल्टवर माणसाचा जीव अवलंबून असतो. नवे भोक पाडायचे असेल तर आधी गाडीखाली वाकून इंधनाची टाकी आणि ब्रेकच्या नळ्या कुठून जातात ते पाहा.

‘सरळ बॅटरीच्या निगेटिव्हपर्यंत वायर नेली तर?’ असेही विचारले जाते. चालते, पण अनेक नव्या गाड्यांत त्या टोकावर करंट मोजणारा सेन्सर असतो. त्याला वळसा घालून वायर जोडली तर अँप किती वीज वापरतो हे गाडीच्या संगणकाला कळत नाही आणि बॅटरी चार्ज होण्याचा हिशेब चुकतो. अशा गाडीत बॅटरीची पट्टी जिथे बॉडीला मिळते तिथे जोडा.

अर्थिंग 0.2 च्या आत आले, पॉझिटिव्ह बाजूही अशीच मोजून ठीक निघाली आणि तरीही लाल दिवा लागतो आहे, तर स्पीकरच्या सगळ्या वायरी आणि आरसीए (स्टिरिओकडून गाण्याचा सिग्नल आणणाऱ्या वायरी) काढून फक्त पुरवठा आणि रिमोटवर अँप चालू करा. दिवा विझला तर एकेक वायर परत जोडत जा. ज्या वायरीला तो पुन्हा लागेल तिथे शॉर्ट आहे. काहीही न जोडता लाल दिवा कायम राहिला, तर बिघाड अँपच्या आत आहे, बहुधा आउटपुटचा ट्रान्झिस्टर जळलेला असतो, आणि तेव्हाच तो दुरुस्तीच्या टेबलावर न्यावा.