रिटायर होताय? हिशेब मागे राहणाऱ्या जोडीदाराचा करा

नमस्कार मंडळी. आजचा व्हिडिओ खासगी कंपनीतून रिटायर होणाऱ्यांसाठी आहे. शक्य असेल तर नवरा-बायकोने शेजारी बसून बघा, कारण आपण जो हिशेब करणार आहोत तो बहुतेक घरांत एकट्यानेच केला जातो. पीएफ किती, ग्रॅच्युइटी किती, महिन्याला किती पुरतील. आणि त्यात गृहीत काय धरलेलं असतं? की आपण दोघंही शेवटपर्यंत सोबत असणार.

बायको बहुधा नवऱ्यापेक्षा चार-पाच वर्षांनी लहान असते, आणि बायका सरासरीने जास्त जगतात. म्हणजे तिची शेवटची काही वर्षं एकटीने काढायची वेळ येण्याची शक्यता मोठी आहे. तेव्हा तिच्या हातात दरमहा काय येईल, याचं उत्तर आज तुमच्याकडे आहे का?

आधी पेन्शन बघू. ईपीएस ९५, म्हणजे पीएफसोबत चालणारी कर्मचारी पेन्शन योजना. समजा, एक गृहस्थ अंबडच्या एमआयडीसीत कामाला आहेत. योजना नोव्हेंबर १९९५ मध्ये सुरू झाली तेव्हापासून सभासद, आता ५८ पूर्ण होतायत. पगार आज पन्नास हजार असो की साठ, कंपनी सरकारने ठरवलेल्या पगाराच्या मर्यादेवरच पेन्शनचा हप्ता भरत आली असेल तर हिशेब त्या मर्यादेवरच होतो. सप्टेंबर २०१४ च्या आधीची वर्षं ६,५०० रुपयांवर, नंतरची १५,००० वर.

(स्क्रीनवर: पेन्शनपात्र पगार × नोकरीची वर्षं ÷ ७०)

आधीची १९ वर्षं धरली तर साधारण १,७६४ रुपये. नंतरची १२ वर्षं, त्यात वीस वर्षांपेक्षा जास्त नोकरी झाल्याबद्दल मिळणारी बोनसची दोन, म्हणजे १४. त्याचे ३,०००. एकूण पावणेपाच हजारांच्या आसपास. तीस वर्षं मशीनवर उभं राहिलेल्या माणसाला पावणेपाच हजार. मला हा आकडा सांगतानाही वाईट वाटतं, आणि किमान पेन्शन वाढवा म्हणून म्हातारी माणसं रस्त्यावर का बसतात ते इथे कळतं.

आता पुढची ओळ. त्यांच्यानंतर पत्नीला त्याच्या निम्मी पेन्शन. साधारण २,४०० रुपये.

घरखर्च मात्र निम्मा होत नाही. सोसायटीचा मेंटेनन्स तेवढाच, लाइट बिल जवळपास तेवढंच, औषधं वाढलेली.

खर्च भागत असेल तर पेन्शन ५८ ऐवजी ६० ला सुरू करा. थांबलेल्या प्रत्येक वर्षामागे ४ टक्के वाढ मिळते, आणि तुमची वाढली की तिची निम्मीही वाढते.

हे निम्मंसुद्धा तिला सुखाने मिळावं, यासाठी आजच एक गोष्ट उघडून बघा: पीएफच्या पोर्टलवरचं ई-नॉमिनेशन, म्हणजे तुमच्यानंतर पैसे कोणाकडे जावेत याची ऑनलाइन नोंद. आपल्याकडे लग्नात पुष्कळ बायकांचं आडनावच काय, पहिलं नावही बदलतं. आधारवर सासरचं नाव, जुन्या बँक पासबुकावर माहेरचं, कंपनीच्या फॉर्मवर तिसरंच काहीतरी. नवरा गेल्यावर त्याच बाईने या खिडकीवरून त्या खिडकीवर फिरत आपण एकच आहोत हे सिद्ध करायचं. तुम्ही हयात असताना ही नावं जुळवून घेणं फार सोपं आहे.

आता एकरकमी पैसा. सीनियर सिटिझन सेव्हिंग स्कीम साठीनंतर आहेच, पण ५५ पूर्ण करून रिटायर झालेल्यांना साठीआधीही मिळते. निवृत्तीची रक्कम हातात आल्यापासून तीन महिन्यांत ती गुंतवायला हवी. मर्यादा ३० लाख. ८.२ टक्के दराने २० लाखांवर तिमाहीला ४१,००० रुपये व्याज येतं. सरकार दर तिमाहीला दराचा आढावा घेतं, म्हणून पोस्टात जाल त्या दिवशीचा दर विचारा. तो तुमच्या ठेवीला पाच वर्षं कायम राहतो. खातं पत्नीसोबत जॉइंट काढा. तुमच्यानंतर ती योजनेच्या अटींत बसत असेल तर मुदतीपर्यंत पुढे चालवू शकते. बाकीच्या एफडी आणि बचत खातं ‘आयदर ऑर सर्व्हायव्हर’ करा, म्हणजे दोघांपैकी जो मागे राहील त्याला व्यवहार करता येतो.

आणि घर. इथे मी जरा आग्रहाने बोलणार आहे. महाराष्ट्रात राहतं घर मुलाच्या किंवा मुलीच्या नावावर बक्षीसपत्राने करायला मुद्रांक शुल्क फक्त २०० रुपये लागतं. स्वस्त आहे म्हणून, ‘पुढची कटकट नको’ म्हणून लोक करून टाकतात. करू नका. एकदा नोंदणी झाली की घर मुलांचं, आणि मागे राहिलेली आई त्या घरात पाहुणी. ज्येष्ठ नागरिकांसाठी २००७ चा कायदा आहे. सांभाळ करण्याच्या अटीवर घर दिलं आणि सांभाळ झाला नाही, तर प्रांताधिकाऱ्यांच्या न्यायाधिकरणाकडे बक्षीसपत्र रद्द करून मागता येतं. पण सत्तरीतल्या बाईने पोटच्या मुलाविरुद्ध अर्ज करायचा, ही वेळच का आणायची?

काहीच केलं नाही तरी घर आपोआप तिचं होत नाही. हिंदू वारसा कायद्यात मृत्युपत्र नसेल तर पत्नी आणि मुलं समान वाटेकरी. सासूबाई हयात असतील तर त्यांचाही तेवढाच वाटा. दोन मुलं असतील तर जिने ते घर उभं केलं तिचा हिस्सा एक तृतीयांश किंवा त्याहून कमी. सोसायटीत तिचं नाव नॉमिनी म्हणून लावलंय म्हणून निर्धास्त राहू नका. नॉमिनी म्हणजे मालक नव्हे.

म्हणून मृत्युपत्र करा, आणि घर आधी तिच्या नावे लिहा. साधा कागद चालतो, स्टॅम्प पेपर लागत नाही, नोंदणी ऐच्छिक आहे. तुमची सही आणि दोन साक्षीदारांच्या सह्या हव्यात. साक्षीदार वारसांपैकी नकोत, आणि वयाने तुमच्यापेक्षा बरेच लहान असलेले निवडा. गरज पडेल तेव्हा ते हयात आणि हाताशी असायला हवेत.