लास पालमासची दुपार

नमस्कार श्रोतेहो. मी बेलापूरजवळच्या दिवाळे गावची. आमची होडी खाडीत कोळंबीसाठी जायची आणि भरती-ओहोटी सांगेल तेव्हा परत यायची. त्यामुळे समुद्रावर जायचं म्हणजे घरी परतायचं, एवढंच मला माहीत होतं. पन्नाशीच्या तोंडावर मी एका ओळखीच्या माणसाच्या ४४ फुटी यॉटवर हरकाम्या म्हणून, शिडाच्या बोटींच्या एका रॅलीतून, अटलांटिक ओलांडायला गेले. आज बोलणार आहे ते फक्त पहिल्या दिवसाबद्दल.

ही रॅली दरवर्षी नोव्हेंबरात कॅनरी बेटांतल्या लास पालमासहून निघते आणि कॅरिबियनमधल्या सेंट लुसिया बेटावर संपते. नाव अटलांटिक रॅली फॉर क्रूझर्स, पण बोटवाले नुसतं 'आर्क' म्हणतात. १९८६ साली जिमी कॉर्नेल यांनी ती सुरू केली, तेव्हा २०४ बोटी निघाल्या होत्या. अंतर साधारण २,७०० सागरी मैल, म्हणजे पाच हजार किलोमीटर. लोक मला विचारतात, दिलीप दोंदे यांच्यासारखं का? अहो, ते २००९-१० मध्ये मुंबईहून 'म्हादेई' ही शिडाची बोट घेऊन निघाले आणि एकट्याने पृथ्वीप्रदक्षिणा करून आले. आम्ही बोटीवर सहा जण होतो आणि आजूबाजूला दोनशेच्या आसपास शिडं. तुलना नको.

सकाळ सामान लावण्यात गेली. धक्क्यावरच सगळे पुठ्ठ्याचे खोके फाडून फेकले, कारण पुठ्ठ्यात झुरळांची अंडी येतात आणि मग झुरळंही अटलांटिक ओलांडतात. फळं जाळ्यांत टांगली. माझ्या पिशवीत दादरचे नाही, घरचे आलेपाकाचे तुकडे होते. त्याचा उपयोग पुढे सांगते.

दुपारी एकच्या सुमारास आमच्या गटाला इशारा मिळाला. बंदराच्या भिंतीवर बँड, हात हलवणारी माणसं. आणि पाण्यात सगळ्यांना एकाच वेळी एकच रेषा ओलांडायची होती! घोडबंदर रोडवर संध्याकाळी गाडी चालवलेल्याला ते दृश्य कळेल. फरक एवढाच की बोटीला ब्रेक नसतो.

रेषा ओलांडून बेटाच्या पूर्व किनाऱ्याने दक्षिणेला वळलो. मोबाइलला अजून रेंज होती, म्हणून घरी फोन लावला. बोटीवर दुपारचे तीन वाजले होते, घरी रात्रीचे साडेआठ. आईने विचारलं, जेवलीस का. बहिणीने विचारलं, उलटी होते का. बाबांनी फोन घेतला आणि विचारलं, "वारा कंचा?" मी म्हटलं, ईशान्येचा. "म्हंजे पाठचा. बरां," म्हणाले आणि फोन परत आईला दिला.

पण ग्रॅन कॅनरियाचा, म्हणजे लास पालमास ज्या बेटावर आहे त्याचा, डोंगर जवळजवळ दोन हजार मीटर उंच आहे. वारा त्याला अडतो, बाजूने चिंचोळा होऊन निसटतो आणि तिथे जोर धरतो. बेलापूरच्या सीबीडीत, ऑफिसांच्या भागात, दोन उंच इमारतींमधून जाताना छत्री उलटते ना, तसंच. आमच्याकडे पंधरा नॉटचा, म्हणजे ताशी पंधरा सागरी मैलांचा, वारा बघता बघता तीसवर गेला. मोठं शीड वेळेत आवळून लहान करायला हवं होतं. आम्ही उशीर केला, दोर विंचवर, म्हणजे दोर ओढायच्या चरखीवर, अडकला आणि बोट एवढी कलली की आत चमच्यांचा खणच बाहेर आला. शीड आवळेपर्यंत माझ्या पोटातलं सगळं समुद्राला अर्पण झालं. कोळ्याच्या पोरीचं! कारणही साधं आहे. खाडीत लाटा एवढ्या लांबच लांब नसतात आणि मी तोपर्यंत खालीच काम करत होते. डोळ्यांना केबिन स्थिर दिसते, कान सांगतात हलतंय, त्या भांडणात पोट हरतं. मग वर येऊन क्षितिजाकडे बघत आलेपाक चघळत बसले. तासाभराने माणसात आले.

आणखी एक गंमत. बेटाच्या पलीकडे, डोंगराच्या आडोशाला, वारा एकदम पडला. एंजिन लावलं तर चालतं, पण क्रूझिंग गटात, म्हणजे आमच्यासारख्या हौशी सफरवाल्यांच्या गटात, त्याचे तास लिहून द्यावे लागतात आणि त्याचा दंड वेळेत धरला जातो. आमच्या कप्तानाने लावलं नाही. मी लावलं असतं.

सहाच्या सुमारास सूर्य बुडाला. रात्रीचे पहारे तीन-तीन तासांचे. लाइफजॅकेटचा पट्टा बोटीच्या दोराला अडकवल्याशिवाय कॉकपिट, म्हणजे सुकाणूजवळची बसायची जागा, सोडायचं नाही, हा नियम. पहिल्या पहाऱ्यात मी बाकीच्या बोटींचे दिवे मोजले, चाळीसपर्यंत पोहोचले. पहाटेच्या पहाऱ्यात सात होते. जुने दर्यावर्दी म्हणायचे, लोणी वितळेपर्यंत दक्षिणेला जा, मग पश्चिमेला वळा, म्हणजे व्यापारी वारे लागतात. पण प्रत्येकाचं लोणी वेगळ्या जागी वितळतं, तसे सगळे पांगले. उजाडलं तेव्हा एकच शीड दिसत होतं, तेही टिकलीएवढं.

दुसऱ्या दिवशी दुपारी एक वाजता कप्तानाने नोंदवहीत २४ तासांचा हिशोब लिहिला: १३८ मैल. मी शेजारी वजाबाकी केली, २,५६२ उरले, आणि खाली जाऊन कांदे चिरायला घेतले.